विश्लेषण : रक्तचाचणीमागची ‘एचपीएलसी’ थ्रीडी प्रिंटरवर छापता येईल?

मधुमेही असलेल्या घराला एचबीए१सीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट नवा नाही. त्यावर बारीक अक्षरांत अनेकदा ‘मेथड : एचपीएलसी’ असे छापलेले असते. गोळीत औषध किती आणि अशुद्धी किती, हे औषध कंपन्याही याच तंत्राने तपासतात. निम्मे टेबल अडवणाऱ्या या यंत्राचा गाभा थ्रीडी प्रिंटरवर छापून खिशात मावेल एवढा करायचा, असा प्रयत्न काही वर्षांपासून सुरू आहे.

एचपीएलसीत नेमके काय होते?

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भुकटी भरलेल्या काचनळीतून पानांचा अर्क सोडला. भुकटीला घट्ट चिकटणारी रंगद्रव्ये मागे राहिली, बाकीची पुढे सरकली आणि नळीत वेगवेगळ्या रंगांचे पट्टे दिसले. तत्त्व आजही तेच आहे. काचेच्या जागी स्टीलची नळी आली. तिला ‘कॉलम’ म्हणतात. आत साधारण ५ मायक्रॉनचे सिलिकाचे कण ठासून भरतात. आपला केस त्याहून दहापट तरी जाड असतो. एवढ्या दाट भरावातून द्रव ढकलायला शेकडो बार दाब लागतो. कारच्या टायरमध्ये तो सव्वादोन बारच्या आसपास असतो.

लहान करून मिळणार काय?

मुख्य बचत द्रावकाची. नेहमीच्या ४.६ मिलिमीटर व्यासाच्या कॉलममधून मिनिटाला १ मिलिलिटर द्रव जातो. आठ तासांत जवळपास अर्धा लिटर. त्यात बहुतेकदा ॲसिटोनायट्राइल असते, म्हणजे तेवढा विषारी कचरा. व्यास ०.९ मिलिमीटर केला तर त्याच वेगाला १८-१९ मिलिलिटर पुरतात. ॲसिटोनायट्राइल हे दुसऱ्या रसायनाच्या उत्पादनातून मिळणारे उपउत्पादन आहे. २००८-०९च्या मंदीत ते उत्पादन घटले आणि जगभरच्या प्रयोगशाळा द्रावकासाठी वणवण करू लागल्या.

मग छापायचेच कशाला?

०.९ मिलिमीटरचा असा कॉलम २०१४ मध्ये आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी टायटॅनियम मिश्रधातू व स्टीलमध्ये छापला. ६० सेंटिमीटर लांबीची नळी वळणे घेत ३० बाय ५८ मिलिमीटरच्या पट्टीत बसली. जाडी अवघी ५ मिलिमीटर. एवढी वळणदार पोकळी एकसंध धातूत ड्रिलने कोरता येत नाही.

पण खरे आकर्षण वेगळेच आहे. कण ओतून भरले की ते कसेही बसतात. कुठे फट रुंद, कुठे अरुंद. त्यामुळे एकाच पदार्थाचे रेणू पुढेमागे पोहोचतात आणि पट्टा पसरतो. कणांची रचनाच छापली तर प्रत्येक फट हवी तशी ठेवता येईल. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठाने २०१४ मध्येच असा आतल्या भरावासकट छापलेला कॉलम दाखवला.

अडले कुठे?

मापात. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २०१७ मध्ये खास प्रिंटर आणि खास रेझिन बनवून १८ बाय २० मायक्रॉनची वाहिनी छापली. ही मोठीच मजल होती. पण ५ मायक्रॉनच्या कणांमधल्या फटी एक-दोन मायक्रॉनच्या असतात. म्हणून धातूच्या त्या कॉलममध्येही भराव नेहमीच्या पद्धतीनेच करावा लागला. घर छापले, सामान जुनेच.

शिवाय स्वस्त प्रिंटरचे रेझिन ॲसिटोनायट्राइलमध्ये फुगते, दाबाने तडकते. धातू टिकतो, पण छपाईनंतर वाहिनीत अडकलेली धातूची पूड काढता काढता नाकी नऊ येतात, आणि असा प्रिंटर लहान लॅबला परवडणारा नाही.

त्यामुळे तुमचा एचबीए१सी सध्या तरी स्टीलच्या कॉलममधूनच येणार. ब्रिगहॅम यंगच्या गटाने मात्र दाबाचा प्रश्नच बाजूला ठेवला. मुदतपूर्व प्रसूतीचा धोका सुचवणारे रेणू छापील वाहिन्यांमध्ये पकडायचे आणि पंपाऐवजी विजेच्या दाबाने वेगळे करायचे, यावर तो काम करत आहे.