क्लब त्यांचाच, मग सांगायचं कुणाला?

राजोडीच्या समुद्रावर सुरूच्या झाडांजवळ संध्याकाळी मुलींचा कबड्डीचा सराव चालायचा. शेजारच्या वाडीतली एकोणीस वर्षांची पोर त्यात हौसेनं जायची, ती अचानक थांबली. आई म्हणाली, "परीक्षा आहे हो वहिनी." मला काही ते पटलं नाही.

चार दिवसांनी ती स्वतःच ओट्यावर येऊन बसली. प्रशिक्षक सराव संपल्यावर एकटीला थांबवायचे, नको तिथे हात लावायचे. तिनं झिडकारलं, तर संघातून नाव कापलं. "काकू, क्लबमध्ये कुणाला सांगू? क्लब त्यांचाच आहे!"

अडीच महिने तिनं हे पोटात ठेवलं होतं. माझ्या पोटात गोळा आला तो त्या अडीच महिन्यांमुळेच. २०१३ च्या कायद्यात तक्रार लेखी द्यायची असते, घटनेपासून तीन महिन्यांत. उशिराचं कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात, पण भरवसा कोण देणार?

मैत्रिणींनो, हा कायदा फक्त ऑफिसातल्या बायकांचा नाही. क्रीडासंस्था, स्टेडियम, स्पर्धेची जागा हेही त्यात 'कामाचं ठिकाण' आहे आणि बाई पगारी असलीच पाहिजे असं नाही. दहा माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. (मुलगी अठराच्या आतली असती तर पोक्सो, म्हणजे थेट पोलीस.)

मोठ्यांकडे तरी काय वेगळं होतं? जानेवारी २०२३ मध्ये साक्षी मलिक, विनेश फोगट जंतरमंतरवर बसल्या. कुस्ती महासंघात कायद्याप्रमाणे समितीच नव्हती, हे नंतर चौकशीत निघालं. गुन्हा नोंदायला एप्रिल उजाडला, तोही सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. त्याच मार्चमध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. पुरुषांची गदा १९६१ पासूनची!

"लग्न ठरायचंय वहिनी, नाव फुटलं तर?" आईचा प्रश्न खोटा नव्हता. नाव उघड करायला कायद्यानं बंदी आहे, हे तिला तीनदा सांगितलं. रात्री अर्ज लिहिला. पोरीनंच, तारखांसकट. सकाळी विरारहून डहाणू लोकल पकडून तिघी पालघरला गेलो, प्रतीवर पोच घेतली. आता चौकशीला नव्वद दिवस.

परतताना खिडकीशी बसून ती म्हणाली, "काकू, संघात परत घेतील ना?"

आईनं डब्यातली पोळी तिच्या हातात दिली.