घाटातील सायकलस्वारी



सायकलीवरून दूरचा पल्ला गाठण्याची हौस तुम्हांपैकी पुष्कळांस आहे. मलकापूरच्या रेल्वे स्थानकापासून मोताळा, बुलढाणा, चिखली व मेहकर या मार्गाने लोणारपर्यंतचा प्रवास सव्वाशे किलोमीटरांहून अधिक भरतो. त्यातील बिकट ठिकाणे कोणती आणि ती बिकट का, याचा विचार निघण्यापूर्वीच केलेला बरा.

आपल्या जिल्ह्याचे घाटाखालचा व घाटावरचा असे दोन भाग आहेत. घाटाखालील नळगंगा व ज्ञानगंगा पूर्णेस मिळतात आणि त्यांचे पाणी तापीवाटे अरबी समुद्रास जाते. घाटावरील पैनगंगेचे पाणी मात्र वर्धा व गोदावरी यांच्यावाटे बंगालच्या उपसागरास पोहोचते. अजिंठ्याच्या डोंगरांची ही धार ओलांडणे हीच सायकलस्वाराची पहिली कसोटी होय.

मोताळ्याकडून बुलढाण्यास येताना राजूर घाट लागतो. मलकापुरापासून बुलढाण्यापर्यंत ३५० मीटरांहून अधिक उंची चढावी लागते. स्वार व सायकल मिळून वजन ७५ किलोग्रॅम धरल्यास, एवढ्या उंचीसाठी सुमारे अडीच लाख जूल कार्य घडते. अन्नातील शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा स्नायू गतीच्या कामी लावू शकतात. म्हणजे हा चढ आपल्यापाशी ज्वारीच्या दीड-दोन भाकरींचे बळ मागतो, अधिक नाही. मग दम का लागतो? ते बळ आपण घाईने खर्चू पाहतो म्हणून. हलका गियर लावल्याने एकंदर कार्य कमी होत नाही. ते पायांच्या अधिक फेऱ्यांत वाटले जाते, इतकेच.

चढापेक्षा उतार अधिक घातक असतो. चढताना साठविलेली सारी शक्ती उतरताना परत मिळते व ब्रेकांना ती उष्णतेच्या रूपाने जिरवावी लागते. वेग दुप्पट झाला की थांबण्यास ब्रेक लावल्यापासून चौपट अंतर लागते. म्हणून वेग वळणापूर्वीच कमी करावा, दोन्ही ब्रेक बेताने दाबावे, केवळ पुढचा ब्रेक एकाएकी आवळू नये. खामगावाहून बोथ्याच्या वाटेने येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ती वाट ज्ञानगंगा अभयारण्यातून जाते आणि तेथे अस्वल व बिबट्या यांची वस्ती आहे. दिवस मावळण्यापूर्वीच ते रान मागे टाकावे.

पावसाळ्यात काळ्या जमिनीतील पांदण सपाट असूनही घाटाहून दुस्तर होते. चिकट माती चाक व मडगार्ड यांच्यामध्ये दाटून चाक फिरेनासे होते. अशा वेळी जोर न लावता उतरून काडीने माती काढावी, अथवा पक्का रस्ता धरावा.

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. त्याच्या काठाशी आल्यावर सायकल वरच ठेवून पायी उतरणे हेच शहाणपणाचे. कडा उभा असून ते स्थळ जपण्याजोगे आहे.

पालकांस विनंती एवढीच की, मुलांना अडवू नये, परंतु निघण्याआधी ब्रेक, चाकांतील हवा व पाण्याची बाटली स्वतः पाहावी. आणि मुलांनो, दम सरला तर खाली उतरून सायकल हाती धरून चालण्यात कमीपणा नाही. शरीर ही देवाने सोपविलेली ठेव आहे. धाडस दाखविण्याच्या भरात ती उधळू नये.