पौलाचं सगळ्यांत छोटं पत्र

फिलेमोनाला लिहिलेलं पत्र अवघ्या २५ वचनांचं. बोरिवलीला गाडीत बसायला मिळालं, तर कांदिवली-मालाडपर्यंत वाचून होतं! फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' असेल तर उत्तमच.

अनेसिम हा फिलेमोनाचा गुलाम. कैदेतल्या पौलाच्या सहवासात तो ख्रिस्ती होतो. पौल त्याला परत पाठवतो, पण भाऊ म्हणून घरात घे आणि काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, अशी फिलेमोनाला विनंती करून. पत्र फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही उद्देशून आहे, म्हणजे चारचौघांत नकार द्यायची सोयच नाही. गुलामगिरीच मोडा, असं मात्र पौल म्हणत नाही. ते मला खटकतं.

मरोळ असो वा आयसी कॉलनी, घरच्या प्रार्थनेत 'गुलाम नव्हे, भाऊ' असं सांगणारं १६वं वचन वाचाल तेव्हा विचारा: आपल्याकडच्या कामवाल्या ताईंना भरपगारी सुट्टी मिळते का?