शेंद्र्याची परदेशी गाडी

मोटार देशी की परदेशी हा प्रश्न वरवर पाहता तिच्या जन्मस्थळाचा असला, तरी सर्वसाधारण ग्राहक त्याचे उत्तर बोनेटवरच्या बोधचिन्हाकडे पाहून देतो, आणि ते एकदा मनात पक्के झाले की गाडीचा टिकाऊपणा, सुरक्षितता व पुढे विकताना येणारी किंमत यांविषयीची त्याची मते बहुतांशी त्याच वळणाने जातात. सोलापूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील तामलवाडीच्या टोलनाक्यावर नवरात्राच्या दिवसांत एमएच १३ आणि एमएच २५ क्रमांकांच्या गाड्यांबरोबरच कर्नाटक आणि तेलंगणातून देवीच्या दर्शनाला निघालेल्या गाड्याही एकाच रांगेत उभ्या असतात. टोलच्या दरपत्रकात त्या सर्वांसाठी ‘कार, जीप, व्हॅन’ असा एकच वर्ग आहे, त्यामुळे बोलेरो, स्विफ्ट आणि ऑडी यांना सारखाच पैसा पडतो. रांगेतील माणसांचे दरपत्रक मात्र वेगळे असते, आणि त्यात ऑडीचा वर्ग सर्वांत वरचा असतो.

ही ऑडी आली कोठून, याचा शोध घेतला तर तो बऱ्याचदा मराठवाड्यातच येऊन थांबतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा कंपनीचा कारखाना २००१ पासून सुरू आहे आणि २००७ पासून तेथे ऑडीच्या गाड्यांचीही जुळणी होऊ लागली. जुळणी म्हणजे परदेशातून पेटीबंद आलेले सुटे भाग येथे जोडून पूर्ण गाडी तयार करणे; या पद्धतीत इंजिन आणि महत्त्वाचे भाग बाहेरचे असतात, पण गाडी कसून, तपासून कारखान्याबाहेर काढणारे हात इथलेच असतात. तरीही शेंद्र्यातून निघालेली गाडी धाराशिव जिल्ह्यात ‘फॉरेनची’ म्हणून ओळखली जाते, तर जपानच्या सुझुकी कंपनीची बहुसंख्य मालकी असलेली मारुती घरची मानली जाते, आणि २००८ पासून टाटांच्या मालकीची असलेली जग्वार कोणालाही देशी वाटत नाही.

स्कोडाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. चेक प्रजासत्ताकातील ही कंपनी साम्यवादी काळात ज्या गाड्या बनवत असे, त्या ब्रिटनमध्ये स्वस्त आणि कामचलाऊ म्हणून कुचेष्टेचा विषय झाल्या होत्या. स्कोडावरचे विनोद हा तेथे एक स्वतंत्र प्रकारच होता. जर्मनीच्या फोक्सवॅगन समूहाने १९९१ मध्ये या कंपनीत भागीदारी घेतली, गाड्या मुळापासून बदलल्या, तरी विनोद थांबेनात, म्हणून २००० च्या सुमारास कंपनीने ब्रिटनमध्ये स्वतःच्या टिंगलीवरच बेतलेल्या जाहिराती केल्या. पुढच्याच वर्षी ऑक्टाव्हिया भारतात आली, आणि इथल्या ग्राहकाच्या कानावर त्यातला एकही विनोद कधी आलेला नसल्यामुळे तिचे स्वागत डॉक्टर, वकील, कारखानदार यांची भारदस्त युरोपीय गाडी म्हणून झाले. बोधचिन्ह तेच असताना एका देशात त्याची लाज वाटत होती आणि दुसऱ्या देशात त्याचा मान होता, याचा खुलासा पोलादात किंवा पिस्टनमध्ये सापडणे शक्य नाही.

विपणनशास्त्रात या प्रकाराला ‘उत्पत्तिदेशाचा परिणाम’ म्हणतात. वस्तू कोणत्या देशाची आहे एवढ्या माहितीवरून तिच्या गुणवत्तेचा अंदाज बांधणे, असा त्याचा अर्थ. रॉबर्ट स्कूलर या अमेरिकी अभ्यासकाने १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्वाटेमालातील प्रयोग या अभ्यासाचा आरंभ मानला जातो. त्यात विद्यार्थ्यांपुढे एकाच प्रकारचा माल वेगवेगळ्या शेजारी देशांच्या नावाने ठेवला गेला, आणि केवळ नाव बदलल्याने त्यांचे मत बदलले. त्याच्याही बऱ्याच आधी, १८८७ मध्ये, ब्रिटनने कायदा करून परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालणे बंधनकारक केले, तेव्हा हलक्या जर्मन मालापासून ग्राहकाला सावध करणे हा त्यामागचा एक हेतू होता. पण जर्मन कारखान्यांचा दर्जा सुधारत गेला तसे सावधगिरीचे तेच शब्द मोठेपणाचे झाले. मत बदलते, पण वस्तू बदलल्यानंतर बऱ्याच उशिराने बदलते.

ग्राहक असा अंदाज का बांधतो, हे समजून घेतल्याशिवाय त्याला भोळा ठरवणे अन्यायाचे होईल. मोटारीचे काही गुण शोरूममध्येच दिसतात, जसे रंग, जागा, किंमत. काही गुण वापरल्यावर कळतात, जसे इंधनाचा ‘ॲव्हरेज’ किंवा घाटातील ‘पिकअप’. अपघातात ती कितपत वाचवील हा गुण मात्र बहुतेकांना आयुष्यभर कळत नाही आणि ज्यांना कळतो त्यांना फार उशिरा कळतो. जे दिसत नाही ते जे दिसते त्यावरून ताडण्याच्या या सवयीला मानसशास्त्रात ‘प्रभामंडल परिणाम’ असे नाव आहे. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये ते रूढ केले. दार लावल्यावर येणारा जड, दबका आवाज ऐकून ‘पत्रा जाड आहे’ असा निष्कर्ष काढणारा ग्राहक नेमके हेच करत असतो, आणि तो आवाज दाराचे रबर, कुलूप व आतील अस्तर यांवरही अवलंबून असल्यामुळे कंपन्या तो हवा तसा घडवून घेतात, हे त्याला सहसा ठाऊक नसते.

या अंदाजांना भारतात एक इतिहास आहे आणि त्याचा एक धागा थेट सोलापुरात पोहोचतो. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या व पुढे इटलीच्या फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. स्वातंत्र्यानंतर तयार गाड्यांची आयात बंद झाली आणि केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना वाव उरला नाही, तेव्हा १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सलाही १९५४ मध्ये काम थांबवावे लागले. त्यामुळे देशी उद्योग जगला, पण स्पर्धा संपली. १९६० च्या दशकातील फियाटचा साचा पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ तसाच निघत राहिला, ग्राहक नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहत राहिला, आणि देशी म्हणजे जुने, परदेशी म्हणजे नवे हे समीकरण दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडले. त्या काळात ते समीकरण खोटेही नव्हते. गंमत एवढीच, की ही ‘देशी’ गाडी मुळात इटालियन होती आणि पद्मिनी असे नाव मिळाल्यावरही मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिला अखेरपर्यंत फियाटच म्हटले. २०२३ च्या ऑक्टोबरात तिची शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हाही हळहळ फियाटचीच झाली.

या समीकरणाला पहिला मोठा धक्का पुण्याहून मिळाला. टाटांची इंडिका १९९८ च्या अखेरीस बाजारात आली. तिचा आकार इटलीतील तुरिनच्या आय.डी.ई.ए. या संस्थेच्या मदतीने ठरवलेला होता, तरी गाडी संपूर्ण भारतीय म्हणूनच मांडली गेली. पहिल्या गाड्यांत आवाज, टायरची झीज आणि किरकोळ बिघाड यांच्या तक्रारी आल्या, आणि कंपनीने बऱ्याच दुरुस्त्या करून २००१ मध्ये इंडिका व्ही-टू आणली; ती चांगली खपली. पण पहिल्या दोन वर्षांत तयार झालेले मत दुसऱ्या गाडीलाही चिकटून राहिले. येथे मनाचा आणखी एक व्यवहार दिसतो. जर्मन गाडी बंद पडली की दोष रस्त्याला, डिझेलला किंवा चालकाला दिला जातो. देशी गाडीत तोच बिघाड झाला की ‘आपल्याकडचे काम असेच’ म्हणून तो सबंध देशाच्या माथी मारला जातो.

इंडिकाची उलटी परीक्षा ब्रिटनमध्ये झाली. एमजी रोव्हर या ब्रिटिश कंपनीने २००३ मध्ये पुण्यात तयार झालेली इंडिका ‘सिटीरोव्हर’ या नावाने तेथे विकायला काढली. प्रतिष्ठित ब्रिटिश नावामुळे ती खपेल अशी अपेक्षा होती, पण किंमत जास्त आणि त्या मानाने साज हलका, अशी टीका तेथील समीक्षकांनी केली आणि २००५ मध्ये रोव्हरच बुडाली. बोधचिन्हाची जादू अमर्याद नसते, एवढे यातून दिसते; ग्राहकाला तुलनेसाठी शेजारी दुसऱ्या गाड्या उपलब्ध असतील तर तो हिशोब करतोच. त्यानंतर तीन वर्षांच्या आतच टाटांची जग्वार विकत घेण्याची बोलणी चालू असताना, भारतीय मालकीची आलिशान गाडी अमेरिकी ग्राहक स्वीकारणार नाही, अशी भीती तेथील जग्वार विक्रेत्यांच्या प्रमुखांनी जाहीरपणे व्यक्त केली होती. ती भीती खरी ठरली नाही, बहुधा मालक कोण हे गाडीवर कोठेच लिहिलेले नसल्यामुळे.

पत्र्याचा वाद मात्र प्रयोगशाळेत गेला. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ च्या जानेवारीत भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून पाहिल्या आणि एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. त्यांत टाटांची नॅनो होती, मारुतीची अल्टो होती, तशीच चाकणला बनणारी आणि ‘टणक’ म्हणून नावाजलेली फोक्सवॅगन पोलोही होती. बारकावा असा, की पोलोचा सांगाडा खरोखरच टिकला होता. लोकांचा पत्र्याविषयीचा अंदाज तेवढ्यापुरता बरोबर होता. पण सांगाडा टिकूनही एअरबॅगशिवाय डोके आणि छाती वाचत नाही, आणि दोन एअरबॅगांची पोलो तपासली तेव्हा तिला चार तारे मिळाले. शिवाय आघात शोषून घेण्यासाठी गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बनवलेला असतो, त्यामुळे अपघातानंतर बोनेटचा चुराडा पाहून गाडीला ‘डबा’ म्हणणारा माणूस पुष्कळदा तिच्या चांगल्या गुणालाच नावे ठेवत असतो.

पुढे २०१८ च्या डिसेंबरात पुणे जिल्ह्यातील रांजणगावला तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळत होते. २०२० च्या सुरुवातीला नाशिकच्या महिंद्रा एक्सयूव्ही ३०० लाही ते मिळाले. त्यानंतर देशी गाडी म्हणजे मजबूत गाडी, असा नवा समज इतक्या झपाट्याने पसरला, की ज्या गाड्यांची चाचणी झालेलीच नव्हती त्यांनाही लोक मनाने तारे देऊ लागले. जुन्या समजाइतकाच हाही ढोबळ आहे. तारे विशिष्ट मॉडेलला आणि त्याच्या विशिष्ट साहित्याला मिळतात, कंपनीला किंवा देशाला नव्हे. २०२३ च्या ऑक्टोबरपासून लागू झालेल्या भारत एनकॅप या सरकारी योजनेतही हीच मर्यादा आहे.

समज कितीही पोकळ असला तरी त्याला पैशाचे पाठबळ मिळते, आणि येथे सर्वसाधारण ग्राहक अभ्यासकांपेक्षा शहाणा ठरतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे टोयोटा आणि जनरल मोटर्स यांचा संयुक्त कारखाना १९८४ मध्ये सुरू झाला. त्याच कारखान्यातून टोयोटाची कोरोला आणि जनरल मोटर्सची प्रिझम या जवळजवळ जुळ्या गाड्या निघत, तरी जुन्या बाजारात कोरोलाला जास्त भाव येई. अशा जुळ्या गाड्यांच्या किमतींवर मेरी सलिव्हन यांनी १९९८ मध्ये लिहिलेला शोधनिबंध प्रसिद्ध आहे. हाच हिशोब तामलवाडीच्या परिसरात निराळ्या रूपात मांडला जातो. जुनी गाडी घेणारा आधी सुटा भाग सोलापुरात मिळतो का, आपला मिस्त्री ती खोलतो का, आणि उद्या विकायची झाली तर गिऱ्हाईक येते का, हे विचारतो. म्हणून शोरूममध्ये माना वळवायला लावणारी परदेशी गाडी दहा वर्षांनी निम्म्याहून कमी भावात दारोदार फिरते, आणि जिला कोणी कधी प्रतिष्ठेची म्हटले नाही ती बोलेरो हातोहात खपते. मानाचा क्रम आणि भावाचा क्रम येथे एकमेकांना छेद देतात, आणि दोन्ही क्रम एकाच माणसाच्या डोक्यात सुखाने नांदतात.

मान विकत घेण्याचाही हिशोब असतो. २०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज एकाच दिवशी घेतल्या, तेव्हा शहराकडे गुंतवणूकदारांचे लक्ष वेधावे हा हेतू त्यांनी उघडपणे सांगितला होता. मर्सिडीजचा कारखाना तेव्हा चाकणला होताच, पण त्याचा उल्लेख करण्याचे कोणाला कारण नव्हते.

ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र हा सगळा गुंता दिसत नाही. महिंद्राने १९६३ मध्ये ट्रॅक्टर बनवण्यासाठी अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारी केली. टाटांच्या ट्रकवर तर १९५४ पासून पंधरा वर्षे मर्सिडीजचा तारा होता. दोन्ही परदेशी नावे गेली आणि कोणाच्या विश्वासाला तडा गेला नाही. नांगरट, पेरणी, उसाची वाहतूक या कामांत ट्रॅक्टरची ताकद आणि खर्च शेजारच्या बांधावरूनही दिसतो, आणि ज्याने तो घेतला तो दर हंगामाला त्याचा हिशोब तोंडी सांगू शकतो. महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ मध्ये जपानचे डेमिंग पारितोषिक मिळाले, जे जगातील दुसऱ्या कोणत्याही ट्रॅक्टर कंपनीला तोवर मिळाले नव्हते. पण तुळजापूर तालुक्यात ट्रॅक्टर घेताना त्या पारितोषिकाची चौकशी फारशी कोणी केली नसावी.