दोरा घेताना फक्त रंग बघू नका!

कापडाचा तुकडा रिळांवर धरून रंग जुळवला की दोऱ्याची खरेदी झाली, असं बऱ्याच जणींना वाटतं. पण शिवण टिकणं-उसवणं दोऱ्याच्या जातीवरही असतं.

ब्लाउज, कुर्ता, पिशव्या अशा रोजच्या शिवणाला पॉलिएस्टरचा दोरा घ्या. तो मजबूत असतो, थोडा ताण सोसतो, धुतल्यावर आटत नाही.

गोधडीला मात्र माझं मत ठाम आहे: सुती दोराच! आतल्या जुन्या साड्या धुऊन धुऊन विरलेल्या असतात. चिवट दोऱ्याने घट्ट टाके घातले तर ओढ बसल्यावर दोरा तसाच राहतो आणि कापड टाक्यापाशी फाटतं. दोरा तुटला तर पुन्हा धावदोरा घालता येतो; फाटलेल्या साडीचं काय करणार? शिवाय सुती दोरा कडक इस्त्रीही सोसतो.

रेयॉनचा दोरा चमकतो सुंदर, पण ओला झाला की कमजोर पडतो. तो भरतकामालाच ठेवा.

रिळावरचे आकडेही वाचा. टेक्स म्हणजे १००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा, तर दोरा जाड. टिकिट नंबरचं बरोबर उलटं! शिफॉनला बारीक दोरा आणि ९ किंवा ११ नंबरची सुई, जीन्सला जाड दोरा आणि १६ किंवा १८ नंबरची.

घरात जुनी रिळं असतील तर वीतभर दोरा काढून दोन्ही हातांनी झटका द्या. सहज तुटला तर तो फक्त कच्च्या टाक्यांना वापरा.