ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय, म्हणजे पेशंट सेफ?

कोरोनात घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर तुम्हीही बोटाला लावला असेल. ९५च्या वर आकडा आला की आपण निर्धास्त. पण अपघातात हाच आकडा फसवू शकतो. मी खापरखेड्याला राहतो. इथून गंभीर जखमीला नागपूरच्या मेडिकलला न्यायचं म्हणजे भर ट्रॅफिकमधून बराच वेळ जातो. त्या वेळात नेमकं काय मोजायचं?

ऑक्सिमीटर काय बघतो?

तो बोटातून लाल आणि न दिसणारा इन्फ्रारेड असे दोन प्रकाश सोडतो. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं, रिकामं जास्त. या फरकावरून आकडा निघतो. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७०च्या दशकातली.

गोम अशी, की ही फक्त टक्केवारी आहे. दहा एसटी धावोत की दोन, सगळ्या भरलेल्या असतील तर 'गाड्या १०० टक्के फुल' हे खरंच. पण दोनच गाड्या असतील तर पुढच्या स्टँडवर माणसं कमीच पोचणार ना! रक्तस्रावात तसंच होतं. उरलेलं रक्त ऑक्सिजनने भरलेलं असतं, पण ते पुरेसं पोचत नाही. त्यात शरीर हातापायांचं रक्त कमी करून हृदय-मेंदूला देतं. मग बोटातली नाडीच मशीनला सापडत नाही.

नवे सेन्सर काय करतात?

'निअर इन्फ्रारेड' सेन्सर तळहाताच्या अंगठ्याजवळच्या स्नायूवर किंवा कपाळावर चिकटवतात. प्रकाश आत खोलवर जातो आणि पेशींनी वापरल्यावर रक्तात किती ऑक्सिजन उरला, ते सांगतो. पुरवठा घटला की पेशी मिळेल त्या रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढतात आणि उरलेला आकडा घसरतो. याला नाडीची गरज नाही. लेझरचे काही सेन्सर तर रक्ताचा वेगही टिपतात: रक्तपेशी जितक्या जोरात धावतात, तितके परतणाऱ्या प्रकाशाचे ठिपके भराभर बदलतात.

भारतातही याच प्रकाशावर चालणारं 'सेरेबो' हे हातात मावणारं यंत्र आयसीएमआर, भोपाळचं एम्स, निम्हान्स आणि बायोस्कॅन रिसर्च यांनी मिळून आणलंय. ते डोक्यातला रक्तस्राव ओळखायला मदत करतं. सीटी स्कॅन मात्र लागतोच.

आणि तुमचा फोन? कॅमेरा-फ्लॅशवर बोट ठेवून नाडी मोजणारी ॲप्स अपघातात कामाची नाहीत. फोनवरून १०८ लावा, वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. अंग गार, घामेजलेलं, माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय? मग आकडा ९८ असला तरी थांबू नका.