कुलाब्याचा साग आणि काशाचे खिळे

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फालमथ बंदर सोडले आणि कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून २२ एप्रिल १९६९ रोजी ते तेथेच परतले. हा पराक्रम प्रथमच ज्या नौकेवर घडला ती ‘सुहैली’ मुंबईत कुलाब्याच्या सुतारांनी वाकस आणि सामता, म्हणजे दोरीच्या धनुकलीने फिरवायचे गिरमिट, अशा हत्यारांनी घडवून डिसेंबर १९६४ मध्ये पाण्यात उतरवली होती. सुमारे ३२ फूट लांबीच्या या दोन डोलकाठ्यांच्या नौकेचे अंग सागवानी आहे, परंतु फळ्या सांगाड्याशी जखडणारे खिळे मूळचे लोखंडी होते, आणि तिच्या जतनाचा खरा पेच तेथेच होता.

फळ्यांच्या सांध्यांतून खारे पाणी झिरपले की लोखंड गंजते, गंज फुगतो आणि खिळ्याभोवतीचे लाकूड उकलून सांधा सैल होतो. सागातील तेलामुळे ही क्रिया मंदावते, थांबत नाही. लोखंडाच्या जागी सिलिकॉनमिश्रित काशाचे खिळे उत्तम, पण निम्मेच बदलणे घातक, कारण खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकत्र आले की त्यांच्यात विद्युत्प्रवाह सुरू होतो आणि उरलेले लोखंड अधिक वेगाने झिजते. म्हणून ‘सुहैली’चे सारेच लोखंडी खिळे काढून काशाचे घालण्याचे किचकट काम हाती घ्यावे लागले. डागडुजीची सवय तर तिला पहिल्या सफरीपासूनच होती: तळकण्यालगतच्या सांध्यातून पाणी येऊ लागले, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी बुडी मारून फटीत कापूस ठोकला होता.

नौका कोरड्या जागी जपून ठेवण्याचा हट्ट किती महाग पडतो, हे ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयाने नकळत दाखवले. तेथील नियंत्रित, कोरड्या हवेत ठेवलेल्या नौकेच्या फळ्या आकसू लागल्या, आणि २००२ मध्ये तिला तेथून बाहेर काढून दुरुस्तीस न्यावे लागले. पुण्यात वाडा उतरवताना बिजागऱ्या भंगारात जातात, पण सागाची तुळई मात्र कोणी टाकत नाही. नौकेच्या बाबतीतही हाच विवेक लागतो, कारण शिडे, दोर, डोलकाठ्या या झिजण्यासाठीच असतात.

गोव्यात दिवाडी बेटावर ‘सुहैली’च्या आराखड्यावरून ‘थुरीया’ बांधली गेली आणि २०१८ च्या ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत भारतीय नाविक अभिलाष टॉमी ती घेऊन उतरले. आकार तोच असला तरी ती प्रतिकृतीच. लोखंडी खिळे गेले तरी अस्सल ‘सुहैली’ कुलाब्यात घडलेलीच.